कीचक कोण?

भाऊबीज उलटली आणि धानाची कापणी हातावेगळी होऊ लागली, म्हणजे गोंदिया जिल्ह्यातील गावोगावी मंडई भरू लागतात. वैनगंगेच्या खोऱ्यातील या जंगलमय मुलखास झाडीपट्टी किंवा नुसते झाडी म्हणतात. भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तरी झाडीची करमणूक काही जिल्ह्याच्या सीमा पाहून थांबत नाही. भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर येथेही तीच चालते. दिवसा शंकरपटात बैलजोड्या धावतात आणि रात्री दंडार, खडी गंमत किंवा नाटक उभे राहते, ते पहाटेपर्यंत. थंडी कडाक्याची असते. कांबळी पांघरून, लेकरे मांडीवर घेऊन माणसे बसलेली असतात. आणि गोष्ट रामायण-महाभारतातील असेल तर तिचा शेवट त्यांतील प्रत्येकास ठाऊक असतो.

शहरातील सुशिक्षित प्रेक्षकास याचे नवल वाटते. शेवट ठाऊक असताना रात्रभर जागावयाचे कशासाठी? परंतु झाडीतला प्रेक्षक पुढे काय होणार हे पाहावयास आलेला नसतो, ते आज कसे होणार हे पाहावयास आलेला असतो. गोष्ट पाठ असल्यामुळे त्याचे मन मोकळे असते, आणि ते मोकळे मन रंगमंचावरच्या दुष्टास आपल्या ओळखीच्या दुष्टाचा चेहरा देत राहते. नाटककाराने नाव उच्चारावयाचे कारणच पडत नाही. तो एक जागा रिकामी सोडतो आणि ती भरण्याचे काम बसलेली मंडळी करतात. मात्र जागा कोणी भरली याचा पुरावा न्यायालयापुढे मांडणे फार अवघड असते. मराठी रंगभूमीच्या इतिहासात एका नाटकाने या रिकाम्या जागेचा असा काही उपयोग केला, की त्या जागेत शेवटी सरकार स्वतःच येऊन बसले. ते नाटक म्हणजे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘कीचकवध’.

कीचकाची कथा विदर्भास परकी नाही. विराटाची नगरी राजस्थानात होती असे पंडित सांगतात. पण मेळघाटच्या माणसास विचारले तर तो चिखलदऱ्याजवळचे वैराट नावाचे उंच ठिकाण दाखवील, भीमाने कीचकास मारून ज्या दरीत फेकले ती दरी दाखवील, आणि भीमाने हात धुतले ते भीमकुंडही दाखवील. चिखलदरा म्हणजे कीचकदरा, ही व्युत्पत्ती भाषापंडितास मान्य होवो न होवो, वऱ्हाडात ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. या दरीसंबंधी एक योगायोग मोठा गमतीचा आहे. वऱ्हाडचा मुलूख निजामाचा. १९०२ साली व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन याने निजामाकडून तो सालीना २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने लिहून घेतला आणि १९०३ साली मध्यप्रांतास जोडला. गोंदियाचा प्रदेश त्या वेळी भंडारा जिल्ह्यात, म्हणजे मध्यप्रांतातच होता. तेव्हा झाडीची मंडई आणि कीचकाची दरी ही दोन्ही एका प्रांताच्या कारभारात आणली कोणी, तर कर्झनसाहेबाने. पुढे चार वर्षांत त्याच कर्झनला पुण्यामुंबईचे प्रेक्षक कोणत्या नावाने ओळखू लागले, हे आता पाहावयाचे आहे.

खाडिलकरांचा जन्म सांगलीस १८७२ साली झाला. टिळकांच्या हाताखाली ‘केसरी’त लिहिणारे ते धारदार लेखणीचे गृहस्थ. नाटकातील वेषांतर त्यांना केवळ पुस्तकातून ठाऊक होते असे नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी ते नेपाळात जाऊन राहिले होते. बाहेरून पाहणाऱ्यास तो कौलांचा कारखाना, आतला बेत मात्र शस्त्रे तयार करण्याचा. तो बेत तडीस गेला नाही. पण ज्याने स्वतः असा अज्ञातवास भोगला, त्याने पांडवांच्या अज्ञातवासावर नाटक लिहिले यात आश्चर्य ते काय?

१९०७ साली महाराष्ट्र नाटक मंडळीने ‘कीचकवध’ रंगभूमीवर आणले. कथा विराटपर्वातील, सर्वांच्या परिचयाची. पांडवांच्या वनवासाचे तेरावे वर्ष चालू आहे. ते ओळखले गेले तर पुन्हा बारा वर्षे वनात जावयाचे. म्हणून युधिष्ठिर कंक होऊन राजाशी द्यूत खेळतो, भीम बल्लव होऊन मुदपाकखान्यात राबतो, आणि द्रौपदी सैरंध्री होऊन सुदेष्णा राणीची वेणीफणी करते. राणीचा भाऊ कीचक हा सेनापती, आणि राज्याचा खरा धनी तोच. राजा विराट वृद्ध, भला, पण दुबळा. कीचक सैरंध्रीचा अभिलाष धरतो. ती राजसभेत दाद मागावयास धावते तेव्हा तेथेच, राजाच्या डोळ्यांदेखत, तिला लाथ मारतो. महाभारतकाराने या प्रसंगी एक बारीकशी गोष्ट नोंदविली आहे. संतापलेला भीम उठू पाहतो, तेव्हा युधिष्ठिर आपल्या अंगठ्याने त्याचा अंगठा दाबून त्यास आवरतो. भर सभेत, कोणास न कळता. साऱ्या नाटकाचे बीज त्या दोन अंगठ्यांत आहे.

कारण युधिष्ठिराचे म्हणणे खोटे नाही. करार झालेला आहे, मुदत संपत आली आहे, थोडा धीर धरला तर सर्व काही न्यायाने मिळेल. भीमाचे म्हणणेही खोटे नाही. आज, या घटकेस, घरच्या स्त्रीची विटंबना होत आहे आणि न्यायाची मुदत उद्याची आहे. १९०७ साली हे भांडण घरोघर चालले होते. १९०५ च्या ऑक्टोबरात बंगालची फाळणी झाली, स्वदेशी व बहिष्कार सुरू झाले आणि काँग्रेसमध्ये मवाळ व जहाल अशी दोन कुळे पडली. ‘कीचकवध’ रंगभूमीवर आले त्याच वर्षाच्या अखेरीस सुरतेस काँग्रेस फुटली. प्रेक्षागृहात बसलेल्या माणसास कंक कोण आणि बल्लव कोण हे समजावून सांगावे लागत नव्हते. कीचक कोण हेही समजावून सांगावे लागत नव्हते. दिल्लीचा दरबार भरविणारा, विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात हिंदी लोकांच्या सत्यनिष्ठेस उणे लेखणारा, बंगालचे दोन तुकडे करणारा तो मानी अंमलदार १९०५ सालीच विलायतेस परतला होता, तरी लोकांच्या मनातून गेला नव्हता.

प्रेक्षकांत तरुणांचा भरणा किती असावा, याचा अंदाज सरकारच्याच एका कृतीवरून करता येतो. त्या वर्षीच्या मे महिन्यात हिंदुस्थान सरकारचे सेक्रेटरी रिस्ले यांच्या नावाने प्रसिद्ध असलेले पत्रक निघाले. शाळाकॉलेजांतील विद्यार्थ्यांना राजकीय सभांपासून दूर ठेवण्याविषयी त्यात कडक ताकीद होती. सभेस जाणारा विद्यार्थी शाळेस मुकण्याचा संभव निर्माण झाला. नाटकगृहाच्या दारावर मात्र तिकिटापलीकडे काही विचारीत नसत. तेथे भीमाचे भाषण ऐकता येत होते, आणि ऐकून टाळ्या वाजविल्या तर त्या भीमासाठी होत्या, असे हेडमास्तरांस प्रामाणिकपणे सांगताही येत होते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलास बंडाची गोष्ट मोठ्या माणसापेक्षा अधिक झोंबते, हे शाळेत शिकविणाऱ्या कोणासही ठाऊक आहे. त्याला करारही कळत नाही आणि मुदतही. त्याला लाथ दिसते.

सरकारपुढे जी अडचण उभी राहिली ती नवी नव्हती. १८९७ साली टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला झाला तेव्हाही वाद शिवाजी आणि अफजलखान यांच्यावरच येऊन ठेपला होता. अडीचशे वर्षांपूर्वीच्या वधाचे समर्थन हे आजच्या राज्याविषयी अप्रीती उत्पन्न करते की काय? न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी अप्रीतीचा अर्थ इतका ताणला की प्रीतीचा अभाव म्हणजेच अप्रीती, आणि टिळकांस अठरा महिन्यांची सजा दिली. बारा वर्षांनी, १९०९ साली, गणेश दामोदर ऊर्फ बाबाराव सावरकर यांना काही कविता छापून प्रसिद्ध केल्याबद्दल जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्या कवितांत इंग्रज सरकारचे नाव घेऊन काही म्हटलेले नव्हते. देवांच्या आणि शिवाजीसारख्या वीरांच्या कथा होत्या. बचावपक्षाने तेच सांगितले. परंतु अपिलात मुंबई हायकोर्टापुढे बसले होते न्यायमूर्ती नारायण गणेश चंदावरकर. मराठी कवितेची खोच समजण्यास त्यांना दुभाष्याची गरज नव्हती. त्यांनी निर्णय दिला, की देवांची आणि वीरांची नावे हे केवळ निमित्त असून, सरकार परकी व जुलमी आहे म्हणून त्याविरुद्ध शस्त्र धरा, हा कवितांचा खरा उपदेश आहे. रिकामी जागा प्रथमच न्यायासनावरून भरली गेली, आणि ती भरणारा त्याच भाषेतला वाचक होता. चंदावरकरांनी अर्थ चुकीचा लावला असे कोणी म्हणू नये. अर्थ तोच होता. प्रश्न शिक्षेच्या प्रमाणाचा होता. काही पद्यांसाठी आयुष्य अंदमानात.

त्याच वर्षी २१ डिसेंबरच्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाटकगृहात कलेक्टर जॅक्सन यांच्या निरोपाप्रीत्यर्थ किर्लोस्कर नाटक मंडळीचा ‘शारदा’चा प्रयोग होता. जॅक्सन संस्कृतचे जाणकार, लोकांत मिसळणारे; बाबाराव सावरकरांवरील खटला त्यांच्याच अंमलात उभा राहिला होता. नाटकगृहात शिरताच अनंत लक्ष्मण कान्हेरे या अठरा वर्षांच्या मुलाने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे या तिघांना फाशी देण्यात आले. बाबारावांना झालेल्या शिक्षेचा सूड, एवढे कारण त्या मुलास पुरेसे होते. येथे एक गोष्ट विसरू नये. त्या रात्री रंगमंचावर ‘शारदा’ होते, म्हणजे म्हाताऱ्या वराशी लावल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीची कथा. राजद्रोहाचे त्यात एक अक्षर नाही. बंडाच्या नाटकांत कोणी कोणास मारले नाही, आणि ज्या नाटकाच्या वेळी खून पडला ते समाजसुधारणेचे निघाले. नाटकाने माणूस खुनास प्रवृत्त होतो असे मानणाऱ्यांना हा पुरावा गैरसोयीचा होता. पण भ्यालेल्या सरकारास पुरावा लागत नाही. नाटकगृह, तरुण आणि पिस्तूल ही तीन एका ठिकाणी आली होती, एवढे त्यास दिसले.

जानेवारी उजाडला आणि ‘कीचकवधा’वर नजर वळली. लंडनच्या ‘टाइम्स’चे लेखक सर व्हॅलेंटाइन चिरोल यांनी हिंदुस्थानातील असंतोषावर जी लेखमाला लिहिली, ती १९१० साली पुस्तकरूपाने निघाली. त्यात या नाटकास त्यांनी बरीच जागा दिली आहे. चिरोल टिळकांचे कट्टर टीकाकार. त्यांच्या याच पुस्तकावरून टिळकांनी पुढे विलायतेत अब्रूनुकसानीची फिर्याद केली आणि १९१९ साली ती हरली. परंतु ‘कीचकवधा’चे त्यांनी केलेले विवरण एखाद्या चाहत्यानेही इतके नेमके केले नसते. दख्खनभर आणि मुंबईत नाटकगृहे ओसंडून वाहतात, असे ते लिहितात. कर्झनचे नाव रंगमंचावर कोठेही उच्चारले जात नाही, छापील पुस्तकातही नाही, तरी कीचक म्हणजे कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदभूमी, युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हे प्रत्येक प्रेक्षकास ठाऊक असते. दुबळा विराट म्हणजे कीचकास मोकळे रान देणारे विलायतेतील सरकार. जी गोष्ट खाडिलकरांनी एका शब्दानेही छापली नव्हती, ती इंग्रजी वर्तमानपत्राच्या लेखकाने साऱ्या जगास छापून सांगितली.

१९१० साली मुंबई सरकारने नाटकाच्या प्रयोगास बंदी केली. छापील पुस्तकही सुटले नाही. प्रयोग बंद करण्यास कायदा होता १८७६ चा. तोही मुळात बंगाली रंगभूमीने साहेबांची टवाळी केल्यामुळे जन्मास आला होता. अब्रूस बट्टा लावणारे, सरकारविषयी अप्रीती उत्पन्न करणारे किंवा नीतीस बिघडविणारे नाटक थांबविण्याचा अधिकार त्याने सरकारास दिला होता. आता या कायद्याच्या भाषेत ‘कीचकवध’ बसवून पाहावे. नाटक सरकारविषयी अप्रीती उत्पन्न करते, असे म्हणावयाचे तर नाटकात सरकार कोठे आहे ते दाखविले पाहिजे. नाटकात आहेत विराट, सुदेष्णा, कंक, बल्लव, सैरंध्री आणि कीचक. परस्त्रीवर हात टाकणारा, राजसभेत लाथ मारणारा, दुबळ्या धन्याच्या जिवावर माजलेला सेनापती पाहून लोकांस संताप येतो, आणि तो संताप सरकारास लागतो, असे सरकारनेच ठरविले. बंदीहुकूम काढणाऱ्या अधिकाऱ्याने आपल्या सहीने जणू कबुली दिली, की कीचक तो आम्हीच. खाडिलकरांच्या शत्रूने याहून मोठा उपकार त्यांच्यावर केला नसता. कोर्टात पुरावा लागतो, साक्षी लागतात, उलटतपासणी होते. आणि त्या उलटतपासणीत एखाद्या वकिलाने सरकारी साक्षीदारास विचारले असते, की महाराज, कर्झनसाहेबांत आणि कीचकात तुम्हास नेमके कोणते साम्य आढळले? बंदीस असली अडचण नसते.

मुंबईत घडलेला हा प्रकार इतिहासजमा झाला असे वाटण्याजोगी शंभर वर्षे लोटली, आणि मग तोच खेळ दूर पूर्वेस पुन्हा झाला. आजच्या सुशिक्षित घरांतील मुलामुलींच्या टेबलावर एक इंग्रजी कादंबरी हमखास आढळते: सुझान कॉलिन्स या अमेरिकन लेखिकेची ‘द हंगर गेम्स’, २००८ साली प्रसिद्ध झालेली. वडील माणसांनी ती चाळली तर त्यांस ती परकी वाटू नये. पॅनेम नावाचे एक कल्पित राज्य आहे. राजधानी कॅपिटॉल, तिच्या टाचेखाली बारा जिल्हे. मागे केलेल्या बंडाची शिक्षा म्हणून प्रत्येक जिल्ह्याने दर वर्षी बारा ते अठरा वर्षांचा एक मुलगा व एक मुलगी राजधानीस द्यावयाची. ती चोवीस मुले आखाड्यात एकमेकांस मारतात आणि एकच वाचते. हा तमाशा सर्वांनी पाहावयाचा अशी सक्ती. सोळा वर्षांची कॅटनिस आपल्या धाकट्या बहिणीच्या जागी स्वतः जाते, आणि पुढे तिच्याभोवती बंड पेटते. लेखिकेने हे आकाशातून आणले नाही. अथेन्सने क्रीटच्या राजास सात कुमार व सात कुमारी बळी म्हणून पाठवावयाच्या, ही ग्रीक पुराणकथा तिच्या मुळाशी आहे, असे तिनेच सांगितले आहे. आणि पॅनेम हे नाव लॅटिनमधील भाकरीचे. भाकरी आणि खेळ देऊन प्रजेस गप्प बसविणाऱ्या रोमन राजनीतीवरून ते घेतले. आपल्याकडे बकासुरास रोज एक माणूस देणाऱ्या एकचक्रा नगरीची कथा आहेच; तेथेही सुटका करावयास भीमच जातो.

या कादंबरीवरील चित्रपटांत बंडखोर लोक हाताची तीन बोटे वर करून मूक अभिवादन करतात. २२ मे २०१४ रोजी थायलंडमध्ये लष्कराने सत्ता बळकावली. सभाबंदी झाली, घोषणांस मज्जाव झाला. तेव्हा बँकॉकच्या रस्त्यांवर तरुण माणसे गप्प उभी राहून तीन बोटे वर करू लागली. काहींनी जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ ही १९४९ सालची कादंबरी हाती घेऊन भर रस्त्यात मुकाट्याने वाचावयास आरंभ केला. लष्करी सरकारने तीन बोटांच्या खुणेबद्दल माणसे धरली. नोव्हेंबरात खोन केन या शहरी पंतप्रधान प्रयुत यांचे भाषण चालू असताना पाच विद्यार्थ्यांनी तीच खूण केली, त्यांना पकडून नेण्यात आले. आणि त्याच सुमारास बँकॉकमधील काही चित्रपटगृहांतून त्या मालिकेतील नव्या चित्रपटाचे खेळ काढून घेण्यात आले. त्या खुणेत ना शस्त्र, ना शब्द. ती गुन्हा ठरावयाची तर बोटे वर करणारा कॅटनिसच्या पक्षाचा, आणि म्हणून आपण कॅपिटॉलच्या पक्षाचे, हे सेनापतींनी आधी मान्य करावयास हवे. त्यांनी ते केले. २०२१ च्या फेब्रुवारीत शेजारच्या म्यानमारमध्ये लष्कराने राज्य घेतले तेव्हा तेथल्या तरुणांनीही तीच तीन बोटे उचलली, आणि त्यांच्यावर तर गोळ्या चालल्या.

येथे एक फरक मात्र ध्यानात घेतला पाहिजे. कॉलिन्सबाईंची वाचक मुले गोष्ट नव्याने वाचतात; पुण्याच्या प्रेक्षकास ती आजीच्या मांडीवर ऐकून पाठ झालेली होती. म्हणून पुण्यात खुणेचीही गरज पडली नाही. शिवाय महाभारतकार तरुणांस फसवीत नाही. कीचक मेला म्हणजे प्रकरण मिटले असे तो म्हणत नाही. कीचकाचे एकशेपाच भाऊ सैरंध्रीस त्याच्या प्रेतासवे जाळावयास नेतात, भीमास आणखी एकशेपाच माणसे मारावी लागतात, आणि या वधाच्या वार्तेनेच दुर्योधनास पांडवांचा माग लागून विराटाच्या राज्यावर लढाई कोसळते. युधिष्ठिराने अंगठा का दाबला, हे तेथे कळते. नाशिकच्या तिघा तरुणांस हा पुढला भाग पाहावयास वेळ मिळाला नाही.

खाडिलकर पुढे संगीत नाटकांकडे वळले. १९११ चे ‘मानापमान’ आणि १९१६ चे ‘स्वयंवर’ यांतील पदांनी महाराष्ट्र वेडा झाला. सरकारशी त्यांचे वैर मात्र सरले नाही. १९२३ साली त्यांनी ‘नवाकाळ’ काढला आणि १९२९ साली त्यातील लेखांपायी राजद्रोहाच्या आरोपावरून तुरुंग भोगला. २६ ऑगस्ट १९४८ रोजी, स्वराज्याचे एक वर्ष पाहून, ते वारले. ज्या १८७६ च्या कायद्याने कीचकाचा वध थांबविला होता, तो स्वतंत्र भारताच्या कायदेपुस्तकात पुढेही सत्तर वर्षे पडून राहिला. २०१८ च्या आरंभी संसदेच्या निरसन कायद्याने जुन्यापुराण्या कायद्यांच्या ढिगाबरोबर तो काढून टाकण्यात आला, तेव्हा कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. महाराष्ट्रात नाटकाची संहिता प्रयोगापूर्वी तपासणारे सरकारी मंडळ मात्र निराळ्या कायद्याखाली आहे.

झाडीत दिवाळीनंतर पुन्हा मंडई भरतात. वडशाच्या नाटक कंपन्यांच्या गाड्या गोंदियाच्या गावांकडे निघतात. हल्ली पौराणिक नाटकांपेक्षा घरगुती व सामाजिक नाटकांस गर्दी अधिक होते. तरी दंडारीत एखादा भीम उभा राहतोच. त्याच्या पुढ्यातला कीचक त्या वर्षी कोण असेल, ते कांबळे पांघरून बसलेली मंडळी एकमेकांस सांगत नाहीत.